डावा हात माझा, उजवा भाईंचा

"मागं हो! मागं, मागं, मागं!" दस्तगीरभाई ओरडले, आणि मी पुढं गेले.

पडदा लालभडक झाला. मेलो. त्या दुपारचं ते अकरावं मरण.

"अगं, मागं म्हणजे खालचं बटण," भाई उशीवर डोकं टेकत म्हणाले. "चार महिने झाले, ते खालीच हाय. कुणी उचलून न्हेलेलं न्हाई."

"तुम्ही वळलात कशाला मध्येच? तुम्ही तोंड फिरवलंत की माझं मागं-पुढं सगळं उलटं होतं."

"आता पाठीमागनं रेडा आला तर वळू नको?"

"वळा की. पण सांगून वळा."

"सांगून वळस्तोवर रेडा थांबतोय व्हय?"

पलीकडून रोझलिन सिस्टरनं आवाज दिला, "नदाफ, बीपी बघते हां आता. वाढलं असेल तर लॅपटॉप बंद."

भाई लगेच डोळे मिटून साळसूद पडून राहिले. मी हसू दाबलं. दोघांच्या खाटांमधल्या ट्रॉलीवर जुना लॅपटॉप घरघरत होता, आणि आमची मशिनं दोन बाजूंना आमचं रक्त धूत होती.

ही गोष्ट दोन हजार तेरा सालची, मिरजेतल्या एका दवाखान्याच्या डायलिसिस वॉर्डातली. सहा खाटा होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार ही माझी पाळी. मी सत्तावीस वर्षांची होते. सांगलीत एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. एका डिसेंबरात पाय सुजले, आणि जानेवारीत डॉक्टरांनी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं सांगितलं. आधी त्यांनी डाव्या हातातली शीर आतून धमनीला जोडून फुगवली, म्हणजे सुया टोचायला सोपं जातं. ती बंद पडली. मग उजव्या हातात केली. ज्या हातात सुया तो हात चार तास हलवायचा नाही, एवढा एकच नियम तिथं सगळ्यांना सारखा होता. माझा उजवा हात असा गेला.

पहिले दोन महिने मी कुणाशी बोलले नाही. छताकडे बघत पडून राहायची. डाव्या बाजूच्या खाटेवरचा माणूस मात्र एका हातानं काहीतरी खेळत असायचा. पन्नाशीला टेकलेला, दाढी पांढरी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच्या सुया डाव्या हातात असायच्या, म्हणून उजव्या हातानं माउस फिरवायचा आणि दर पाच मिनिटांनी "या अल्ला" म्हणून मान टाकायचा.

मार्चमधल्या एका बुधवारी त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमचा डावा हात रिकामा हाय का?"

मी दचकलेच. "का?"

"माझा उजवा रिकामा हाय. तुमचा डावा मिळाला तर एक आख्खा मानूस व्हतोय."

असे भाई माझ्या आयुष्यात आले. दस्तगीर नदाफ. किल्ल्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मिरजेत घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले तेव्हाचे पहिले पन्नास तरी त्यांच्या हातून जोडले गेले असतील. जोडून झाला की ते त्यावर एक बंदुकीचा खेळ टाकायचे. आपण बंदूक धरून चालतोय, समोर भुयारं, अंगावर येणारी भुतं, असा तो नव्वदच्या दशकातला खेळ. तो दहा मिनिटं न अडखळता चालला तर मशीन चांगलं, मगच गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. गिऱ्हाइकं गेली, मशिनं भंगारात गेली, पण खेळ भाईंना सुटला नाही. जगभरातले हौशी लोक त्या खेळासाठी अजूनही नव्या लेव्हल बनवतात आणि फुकट वाटतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काही लेव्हल पोरासोरांच्या असतात. भाईंना मात्र आवडायच्या त्या छळायला बनवलेल्या. एका दालनात दोनशे भुतं, गोळ्या मोजून तीस.

"अशा लेव्हलीत दम असतोय," ते म्हणायचे. "बनवणाऱ्यानं आपल्याला काय मूर्ख समजलेलं नसतंय."

चालायची बटणं कीबोर्डवर डाव्या हाताला. ती माझी. वळणं, नेम धरणं, गोळी मारणं माउसवर. ते भाईंचं. पहिले पंधरा दिवस आम्ही नुसते भिंतींना धडकत होतो. ते उजवीकडे बघायचे, मी नाकासमोर चालायची आणि दोघं मिळून उकळत्या चिखलात पडायचो. हळूहळू जमलं. मी घरी आलेखाच्या कागदावर लेव्हलींचे नकाशे काढू लागले. कुठलं दार कुठल्या रंगाच्या चावीनं उघडतं, सापळा कुठं, गोळ्यांची पेटी कुठं. ते नकाशे बघून भाई एवढे खूश झाले, की त्यांनी त्या दिवसापासून मला 'बाई' म्हणायचं सोडून 'वैजू' म्हणायला सुरुवात केली.

भुतांची नावंही आमचीच. शिंग रोखून धावत येणारा तो रेडा. हवेत तरंगणारा तो फुगा. आणि एक उंच, फिकट, काटकुळा प्राणी होता, जो मेलेल्या भुतांवर हात फिरवून त्यांना पुन्हा उठवायचा. त्याचं नाव डॉक्टर. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले आणि नेमकं त्याच वेळी भाई खेकसले, "बाकीचं सोड वैजू, आधी डॉक्टरला गाठ! डॉक्टर मेल्याबिगर हितनं सुटका न्हाई!" डॉक्टरांनी शांतपणे भाईंचा कागद बघितला, "पोटॅशियम जास्त आहे, केळी बंद करा" म्हणाले आणि पुढं गेले. त्या दिवशी मी आठ महिन्यांत पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले.

एप्रिलमध्ये कधीतरी त्यांनी मला सहज विचारलं होतं, "घरात कुणी किडनी द्यायला न्हाई काय गं?"

"नाही," मी म्हणाले. "आईला शुगर आहे. वडील नाहीत."

"माझं पन तसंच," ते म्हणाले, आणि पुढची लेव्हल उघडली.

आम्ही घेतलेला संच अकरा लेव्हलींचा होता. कुठल्यातरी बर्फाच्या देशातल्या माणसानं बनवलेला. सुरुवातीलाच त्यानं लिहिलं होतं, की कुणी शेवटपर्यंत गेलं तर मला कळवावं. भाईंचा हट्ट असा, की लेव्हलच्या मधे सेव्ह करायचं नाही. मेलं की पहिल्यापासून. ऑगस्ट उजाडेपर्यंत दहा झाल्या. अकरावी मात्र काही केल्या सुटेना. गोल चौक, भोवती चार मजले, तीन चाव्या आणि शेवटच्या दालनात एकदम चार डॉक्टर.

ऑगस्टच्या तिसऱ्या शुक्रवारी आम्ही अगदी जवळ पोचलो होतो. दोन चाव्या हातात, गोळ्या भरपूर. भाई बोलायचेही बंद झाले होते. फक्त श्वास ऐकू येत होता.

"वैजू."

हाक दाराकडून आली. माझी बहीण कुंदाताई उभी होती. पायात दवाखान्याच्या निळ्या पिशव्या, हातात फाइल. ती जयसिंगपूरला असते. वॉर्डात यायचं नाही असं मी तिला बजावलं होतं, आणि ती कधी आलीही नव्हती.

"तू कशाला आलीस?" मी पडद्यावरून डोळे न काढता म्हणाले.

"फोन उचलत नाहीस म्हणून आले." ती माझ्या पायाशी आली, मग भाईंकडे वळली. "तुम्हीच नदाफभाई ना? ही तुमचं नाव घेत असते. भाई, तुम्ही तरी हिला सांगा. एप्रिलपासून माझे रिपोर्ट जुळलेले आहेत. माझी किडनी हिला चालते. घरचे तयार, डॉक्टर तयार. ही सहीच करत नाही."

भाईंचा हात माउसवरून खाली आला.

पडद्यावर आम्ही चौकाच्या मधोमध उभे होतो. तसेच उभ्या उभ्या मेलो.

"भाई," मी म्हणाले.

त्यांनी रोझलिन सिस्टरला हाक मारून ट्रॉली बाजूला घ्यायला सांगितली. उरलेला दीड तास ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. ताई काहीतरी चुकलं हे ओळखून बाहेर जाऊन बसली.

चार वाजता सुया निघाल्या. भाई हातावर कापूस दाबून खाटेच्या कडेला बसले. मी मान खाली घातली होती.

"सहा वर्षं झाली मला," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "बायकोची जुळली न्हाई. भावाची जुळली, तर त्यो दुबईला गेला, फोन पन करत न्हाई. मला कुणी देतो म्हनलं असतं ना, तर मी पायात चप्पल न घालता पळालो असतो. आन तू मला न्हाई म्हनून सांगितलंस."

"मला ताईकडून घ्यायचं नाही, भाई. तिनं आधीच..."

"ते तुझं तुला म्हाईत." ते उठले. "मी तुझ्याजवळ खोटं बोललो न्हवतो."

सोमवारी त्यांची खाट रिकामी होती. मला वाटलं, बरं नसेल. बुधवारीही नव्हते. रोझलिन सिस्टरला विचारलं तेव्हा ती सुया लावता लावता म्हणाली, "नदाफ सकाळच्या पाळीला गेले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. स्वतःच मागून घेतली."

मला भयंकर राग आला. एवढ्याशा गोष्टीवरून! चार तास छताकडे बघत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. पायात गोळे आले. बीपी पडलं. सिस्टरनं खाटेची डोक्याकडची बाजू खाली केली, आणि तसं पडल्या पडल्या मला स्वतःचीच किळस आली. मी खोटं का बोलले हे मला चांगलं ठाऊक होतं. मला देणारं कुणी नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि भाईंनाही कुणी नाही म्हटल्यावर ते आणखी सोपं झालं. तसं असलं की काही मागावं लागत नाही, काही घ्यावं लागत नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार यायचं, खेळायचं, घरी जायचं. मला ते आवडायला लागलं होतं, हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी मी बसनं जयसिंगपूरला गेले. ताई ब्लाउजला हातशिलाई करत बसली होती. मला बघून तिनं सुई कापडात खोचली.

"बाबा गेले तेव्हा तू बारावी सोडलीस," मी दारातच म्हणाले. "माझ्या डिप्लोमासाठी. सात वर्षं दुसऱ्याच्या दुकानात ब्लाउज शिवलेस. आता परत तुझंच काढून घेऊ? कुठल्या तोंडानं?"

तिनं मांडीवरचा ब्लाउज सारखा केला. मग म्हणाली, "मी बारावी सोडली ती मला गणित जमत नव्हतं म्हणून. बाबा नसते गेले तरी नापासच झाले असते."

"खोटं बोलू नकोस."

"खरं सांगते. शिवण मला आवडतं. तू शिकलीस ते पण आवडलं. तू आपल्या मनानं ठरवलंस की मी त्याग केला." तिचा आवाज चिरकला. "एप्रिलपासून तू नाही म्हणतेस, तेव्हा मला काय वाटतं कधी विचारलंस? वाटतं, माझं हिला काहीच नको. मरेन, पण हिचं घेणार नाही, इतकी मी हिला परकी."

मी चप्पल न काढताच आत गेले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. कापडातली सुई माझ्या कानाला टोचली. ती "थांब, थांब" म्हणत ब्लाउज बाजूला करू लागली, आणि आम्ही दोघी एकदमच रडायला आणि हसायला लागलो.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी वॉर्डात गेले. माझा दिवस नव्हता. रोझलिन सिस्टरनं आधी अडवलं, मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पाच मिनिटं फक्त."

भाई एकटेच खेळत होते. माझी चाहूल लागली तरी मान वळवली नाही.

"मी ताईला हो म्हणाले," मी सांगितलं. "काल सही केली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन आहे."

त्यांनी माउस सोडला. चष्मा काढला, चादरीला पुसला, परत घातला.

"मग हितं काय करालीस? घरी जा. नीट खा, झोप."

"खोटं बोलले ते चुकलं, भाई."

"व्हय, चुकलं," ते म्हणाले. "मी पन पाळी बदलायला नको हुती. रागानं केलं. सोळा दिवस झाल्यागत वाटाय लागलेत हे आठ दिवस."

"अकरावी राहिलीय."

त्यांनी सिस्टरकडे बघितलं. ती मुद्दाम पाठ करून कुणाचा तरी कागद भरत होती.

"बस," भाई म्हणाले. "ते स्टूल वढ." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "आज तुझं दोन्ही हात मोकळं हायत की. माउस पन तूच घे. मी बघत बसतो."

"मला नेम धरता येत नाही. माझा उजवा हात म्हणजे तुम्हीच."

त्यांनी लेव्हल सुरू केली.

त्या सकाळी आम्ही सहा वेळा मेलो. पाच मिनिटांचे तीन तास झाले, सिस्टरनं दोनदा चहाचं निमित्त करून आम्हाला मोकळं सोडलं. सातव्या वेळी आम्ही दोघंही बोलत नव्हतो. गरजच पडत नव्हती. ते वळायच्या आत मला कळायचं कुठं वळणार, आणि मी सरकायच्या आत त्यांची बंदूक तिथं लागलेली असायची. निळी चावी, लाल चावी, पिवळी चावी. दालनाचं दार उघडलं. चारही डॉक्टर हात वर करून उभे. मी खांबाआड जायची, बाहेर यायची, आत जायची. एक पडला. दुसरा. तिसरा पडता पडता आमची ताकद सात टक्क्यांवर आली. मी शेवटच्या खांबाआड श्वास धरून थांबले. भाई हळूच म्हणाले, "आता."

मी बाहेर पडले. त्यांनी मारला.

पडद्यावर साधी पांढरी अक्षरं आली. किती मारले, किती वेळ लागला. बस, एवढंच. वाद्यं नाहीत, फटाके नाहीत. भाई एकदम गप्प झाले. इतके, की रोझलिन सिस्टर बीपी पडलं समजून पट्टा घेऊन धावत आली. भाईंनी हातानंच तिला थांबवलं. त्यांचे डोळे वाहत होते.

"वैजू," ते म्हणाले, "सहा वर्षांत हितं पयल्यांदा कायतरी पुरं झालं बघ."

लेव्हल बनवणाऱ्या त्या माणसाला आम्ही पत्र पाठवलं. दोन माणसांनी मिळून, एकेका हातानं पूर्ण केलं, असं मोडक्या इंग्रजीत. त्याचं उत्तर काही आलं नाही. भाई म्हणाले, "विश्वास बसला नसंल बिचाऱ्याचा."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ताई भिंतीला धरून चालत माझ्या खोलीच्या काचेशी आली आणि हात हलवला. डायलिसिसवर असताना दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायची मुभा असते. बर्फाचा खडा चोखून मी आख्खा उन्हाळा काढला होता. घरी आल्यावर ताईनं मला पाण्यानं भरलेला तांब्या दिला. मी तो उभ्या उभ्या, एका दमात संपवला. ती पदर तोंडाला लावून बघत राहिली.

भाई त्यानंतर अडीच वर्षं होते. एका मे महिन्यात त्यांच्या बायकोचा, रेहानाभाभींचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाल्या. आज अकरा वर्षं माझी किडनी, म्हणजे ताईची, छान चालली आहे. पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या मार्चचं.

पाच महिने मला कुठं जायची परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर मी पहिल्यांदा भाईंना भेटायला निघाले. ताईनंच स्कूटरवरून आणलं. तोंडाला मास्क, आणि मनात पाठ केलेलं चार ओळींचं बोलणं. तुमच्यामुळे मी आज आहे, असं काहीसं. वॉर्डाच्या दाराला काच होती. आत भाईंच्या शेजारच्या खाटेवर एक नवीन बाई होत्या, साठीच्या, नाकात मोठी नथ. त्यांचा डावा हात कीबोर्डवर भीत भीत ठेवलेला, आणि भाई त्यांना समजावत होते. फार सावकाश, एकेक बोट दाखवून. माझ्या वेळी एवढे शांत नव्हते.

मी काचेवर टकटक केली. भाईंनी बघितलं. चेहरा असा फुलला, की मी दार ढकललंच. तोच त्यांनी हात वर केला.

"थांब! आत पाऊल टाकू नकोस. हितं सगळे जंतू हायत."

"दोनच मिनिटं, भाई. मला काहीतरी बोलायचंय."

"म्हाईत हाय मला. बोलू नकोस. ही जागा तुझी न्हाई आता." ते हसत होते. "तोंड दिसलं, बास झालं. जा घरी."

नथवाल्या बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. "कोण हो ही?" त्यांनी विचारलं.

"सुटून गेलेली हाय," भाई म्हणाले, आणि मला हातानं जा जा अशी खूण केली.

मी दार ओढून घेतलं. बाहेर ताई स्कूटरवर बसूनच थांबली होती.

"एवढ्यात आलीस? भेटले का?"

"हो."

"काय म्हणाले?"

"घरी जा म्हणाले."

"मग बस की," ती म्हणाली, आणि तिनं स्कूटर सुरू केली.